पावकी, निमकी, अडीचकी… थेट घातांकात!

जुन्या मराठी शाळेत पोरं पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी घडाघडा म्हणायची. बाजारहाटाला हे अपूर्णांक पुरायचे. पण तेच अपूर्णांक घातांकाच्या जागी जाऊन बसले की भलेभले बिचकतात. वर्ग म्हणजे संख्या दोनदा गुणायची, घन म्हणजे तीनदा. मग अडीचदा कशी गुणायची? उत्तर सोपं आहे. ४ चं वर्गमूळ २, आणि २ चा पाचवा घात ३२. झाला ४ चा अडीच घात! निसर्गाला तर पूर्णांकांचं फारसं कौतुक नाहीच. धाराशिव जिल्ह्यात एक चक्कर मारली तरी हे पाव-अर्धे-पाऊण घात जागोजागी भेटतात.

अडीच घात: बोअरला किती इंच लागलं?

बोअरच्या गाडीभोवती जमलेल्यांचा एकच प्रश्न असतो: पाणी किती इंच लागलं? ते मोजायची एक रीत म्हणजे व्ही-नॉच. पत्र्याला काटकोनी खाच पाडायची आणि तिच्यातून वाहणाऱ्या पाण्याची उंची बघायची. उंची वाढली की धार जाडही होते आणि रुंदही, म्हणजे घात झाला दोन. शिवाय पाण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, तो अर्धा. एकूण अडीच! त्यामुळे अशा खाचेत एक इंच पाणी म्हणजे तासाला सुमारे ५०० लिटर, दोन इंच म्हणजे सुमारे २,९०० लिटर आणि चार इंच म्हणजे १६,००० लिटरच्या वर. इंच चौपट, पाणी बत्तीसपट.

दीड घात: नळदुर्गचा सांडवा

खाचेऐवजी सरळ, सपाट माथ्याचा सांडवा असेल, तर पाणी वाढलं तरी रुंदी तेवढीच राहते. मग एक घात गळतो आणि उरतो दीड. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला बंधारा आहे. त्याच्याच पोटात पाणी महाल, आणि पावसाळ्यात त्याच्यावरून कोसळतात ते नर-मादी धबधबे. ढोबळ हिशेब असा: माथ्यावरचं पाणी १० सेंटिमीटरवरून ४० सेंटिमीटरवर गेलं, तर विसर्ग चौपट नव्हे, आठपट होतो. नदी नुसती हातभर चढलीय म्हणून पुलावरून गाडी घालणाऱ्यांनी हा दीड घात पाठच करावा.

पुन्हा दीड: भूकंपाची पायरी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, हे दोन्ही जिल्हे हादरले. इकडे सास्तूरसारखी गावं उद्ध्वस्त झाली. तीव्रता होती ६.२. तीव्रता एका अंकानं वाढली की ऊर्जा १० च्या दीड घाताइतकी, म्हणजे सुमारे ३२ पट वाढते. या मापानं २००१ चा भूजचा ७.७ चा भूकंप किल्लारीपेक्षा पावणेदोनशे पट मोठा. तरीही किल्लारीनं हजारो बळी घेतले, कारण धक्का जमिनीखाली फार खोल नव्हता आणि घरांच्या दगड-मातीच्या भिंती अतिशय जड होत्या.

पाऊण घात: शेळीचा चारा

काळीभोर, काटक उस्मानाबादी शेळी ही जिल्ह्याची शान. समजा तिचं वजन ३० किलो आणि म्हशीचं ४८० किलो. म्हैस सोळा शेळ्यांएवढी. मग तिला सोळा शेळ्यांचा चारा लागेल का? नाही, आठांचाच! प्राण्याची विसाव्यातली ऊर्जेची गरज वजनाच्या पाऊण घातानं वाढते, हे मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली मांडलं, आणि १६ चा पाऊण घात ८ येतो. हा घात नेमका पाऊणच का, यावर शास्त्रज्ञांची भांडणं अजून चालू आहेत. पशुआहाराच्या तक्त्यांत मात्र वजनाचा ०.७५ घात केव्हाच पक्का झालाय. (म्हैस दुधावर असेल तर तिचा हिशेब वेगळा, हे गवळ्याला सांगायला नको.)

दोन तृतीयांश: कालव्याची चाल

माकणीच्या निम्न तेरणा प्रकल्पाचा कालवा असो की कृष्णा-मराठवाडा योजनेचा, पाणी किती वेगानं धावेल हे काढायला जगभरातले इंजिनिअर मॅनिंगचं सूत्र वापरतात. आयर्लंडच्या रॉबर्ट मॅनिंग यांनी ते १८८९ मध्ये मांडलं. पाण्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाला ओल्या तळ-काठांच्या लांबीनं भागायचं आणि त्याचा दोन तृतीयांश घात घ्यायचा. उताराचा घात अर्धा. गंमत म्हणजे हे सूत्र खुद्द मॅनिंग यांनाच फारसं रुचलं नव्हतं. कॅल्क्युलेटर नसलेल्या काळात घनमूळ काढत बसणार कोण?

एक सप्तमांश: पवनचक्की उंच का?

भूम-वाशीच्या माळावरच्या पवनचक्क्यांकडे मान वर करूनच बघावं लागतं. मोकळ्या सपाट रानात वाऱ्याचा वेग साधारणपणे उंचीच्या एक सप्तमांश घातानं वाढतो. हा घात फारच किरकोळ वाटतो. वारा दुप्पट हवा असेल तर १२८ पट उंच जावं लागेल! पण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनावर ठरते. त्यामुळे १० मीटरवरून ८० मीटरवर गेलं की वेग जेमतेम १.३५ पट होतो, शक्ती मात्र जवळपास अडीचपट.

पाव घात: तापलेली पृथ्वी

तापलेली वस्तू तापमानाच्या चौथ्या घातानं उष्णता बाहेर टाकते. उलटं वाचलं तर तापमान उष्णतेच्या पाव घातानं वाढतं. सूर्याकडून येणारी ऊर्जा सोळापट झाली, तरी पृथ्वीचं केल्विनमधलं तापमान दुप्पटच होईल. अर्थात तेवढ्यानंही आपला कोळसा होईलच.

अर्धा घात: पेवातली ज्वारी

पूर्वी ज्वारी जमिनीखालच्या पेवात साठवत. वर मे महिन्याचं ऊन असलं तरी खाली धान्य थंड. कारण उष्णता जमिनीत उतरते ती वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे. दिवस-रात्रीचा चढउतार साधारण १० सेंटिमीटरवरच बराचसा विरतो. वर्षाचा फेरा ३६५ पट मोठा, पण तो फक्त १९ पट खोल, म्हणजे दोनेक मीटर जातो. रानात पाणी मुरायची सुरुवातही अशीच होते: वेळ चौपट, ओल दुप्पट.

आता खरी कमाल: अर्धं अवकलन!

घात अर्धा असू शकतो, हे एकदाचं पचलं. पण कॅल्क्युलसमधलं अवकलन, म्हणजे बदलाचा वेग काढायची क्रिया, अर्धी करता येईल का? हा प्रश्न जर्मन गणिती लायब्निझनं लोपिताल या फ्रेंच गणितीला लिहिलेल्या पत्रात चर्चेला घेतला. तारीख, योगायोगानं, किल्लारीच्या भूकंपाचीच, ३० सप्टेंबर; साल १६९५. वरवर हे कोडं वाटलं तरी पुढं कधीतरी यातून उपयोगी गोष्टी निघतील, असा त्याचा अंदाज होता. उत्तर आहे: x चं अर्धं अवकलन म्हणजे x भागिले पाय याच्या वर्गमुळाची दुप्पट. त्याचं पुन्हा अर्धं अवकलन केलं की येतो १, म्हणजेच x चं नेहमीचं, पूर्ण अवकलन.

साधं अवकलन फक्त आत्ताचा क्षण बघतं. अर्धं अवकलन मात्र मागचा सगळा इतिहास हिशेबात घेतं. ताज्या घटनांना जास्त वजन, जुन्यांना कमी. थोडक्यात, या गणिताला स्मरणशक्ती असते.

ऊन तीन तास पुढं

जमिनीत शिरणाऱ्या उष्णतेचा वेग हा पृष्ठभागाच्या तापमानाच्या अर्ध्या अवकलनाच्या प्रमाणात असतो. अशा अवकलनानं लाट एक अष्टमांश फेरा पुढं सरकते, आणि २४ तासांचा अष्टमांश ३ तास. जमीन एकसारखी धरली, तर पृष्ठभाग दुपारी दोनला सर्वांत तापत असेल तेव्हा उष्णता आत शिरायचा जोर अकरालाच कळसाला पोचून ओसरू लागलेला असतो.

खवा घन की द्रव?

कुंथलगिरीचा खवा बोटानं दाबला तर थोडा उसळतो, दाबून धरला तर हळूहळू पसरतो. स्प्रिंगमधला ताण किती दाबलं यावर ठरतो. तेलातला किती वेगानं ढवळलं यावर. खवा, चीज, डांबर ही मंडळी मधल्यामधली. डेअरी संशोधनात चीज दाबून पाहणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज स्कॉट ब्लेअर यांनी १९४० च्या दशकात सुचवलं की अशा पदार्थांसाठी अवकलनही शून्य आणि एक यांच्या मधलंच घ्यावं.

भूकंपाच्या लाटांपासून खिशापर्यंत

आज इंजिनिअर सर्रास वापरतात ती अपूर्णांकी अवकलनाची व्याख्या इटलीच्या मिकेले कापुतो यांची. हे गृहस्थ भूभौतिकीचे. भूकंपाच्या लाटा खडकात कशा विरतात हे मांडताना त्यांनी ती १९६७ मध्ये दिली. आपल्याकडे कोयनेचा भूकंप झाला तेच साल. मोबाइलची बॅटरी किती म्हातारी झाली हे तपासताना दिसणारा वारबुर्ग रोध हाही अर्ध्या अवकलनाचाच अवतार, आणि तो १८९९ पासून माहीत आहे. फ्रान्समध्ये अलेन उस्तालू यांच्या गटानं तर याच गणितावर गाडीचं सस्पेन्शन बेतलं: गाडी रिकामी असो की गच्च भरलेली, हेलकावे विरायची ढब तीच.

मराठी मुलखातली मंडळी

हे गणित परक्यांचंच आहे असं नाही. पुणे विद्यापीठातल्या वर्षा दफ्तरदार-गेज्जी आणि त्यांच्यासोबत काम करणारे इराणी गणिती हुसेन जाफरी यांची २००६ मधली समीकरणं सोडवायची पद्धत जगभर त्या दोघांच्या नावानं ओळखली जाते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले शंतनू दास यांनी या विषयावर इंजिनिअरांसाठी पुस्तकं लिहिली. आयआयटी मुंबईत अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांच्या रेंगाळत्या प्रवासाला अपूर्णांकी समीकरणं लावून पाहिली गेली. आणि धाराशिवला ज्याचं उपकेंद्र आहे, त्या छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात डी. बी. धायगुडे यांनी अशाच समीकरणांवर संशोधन केलं.

जाता जाता एक सवाल

एकाच्या रानात दोन-दोन इंचांचे दोन बोअर, शेजाऱ्याकडे तीन इंचांचा एकच. व्ही-नॉचच्या मापानं पाणी कोणाकडे जास्त? २ चा अडीच घात सुमारे ५.७, त्याचे दोन म्हणजे ११.३. ३ चा अडीच घात १५.६. शेजारी जिंकला! तेव्हा इंचांची नुसती बेरीज करून पैज लावू नका. आधी अडीचकी म्हणा, तीही घातांकात.