नाव झाकून आकडा कसा काढावा?

कामगारांचे गाऱ्हाणे मांडायचे तर आकडा लागतो. यंत्रावर दुखापत होऊनही ती लपवून ठेवणारे कामगार किती, हे आम्हांला मालकांपुढे ठेवायचे असते. पण कामगार खरे सांगत नाही. नोकरी जाईल ही त्याची भीती खोटी नव्हे.

कागदावर नाव लिहिले नाही म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी नोकरांच्या आजारपणाच्या नोंदी नावे गाळून संशोधकांना दिल्या होत्या. १९९७ च्या सुमारास लॅटानिया स्वीनी या विद्यार्थिनीने त्या केंब्रिज शहराच्या मतदारयादीशी ताडून पाहिल्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे मतदार सहा निघाले. त्यांत पुरुष तीन. आणि त्यांच्या टपाल विभागातला एकच. गव्हर्नरांच्या आजारपणाची नोंद हाती आली!

मग उपाय काय? उत्तर घेतानाच त्यात अनिश्चितता मिसळावी. ही युक्ती स्टॅनली वॉर्नर यांनी १९६५ साली मांडली. त्यांची मूळ रीत थोडी निराळी आहे. पुढे निघालेली तिची एक सोपी तऱ्हा आम्ही येथे सांगतो.

समजा, कारखान्यात ४०० कामगार आहेत. 'तुम्ही दुखापत लपवली का?' हा प्रश्न आहे. प्रत्येकाने आडोशाला जाऊन नाणे उडवावे व ते कोणासही दाखवू नये. छापा पडला तर 'होय' म्हणावे. काटा पडला तर खरे सांगावे. आता २६० जण 'होय' म्हणाले असे धरू. त्यांत नुसत्या छाप्यामुळे 'होय' म्हणणारे सुमारे २००. उरले ६०. काटा पडलेलेही सुमारे २००च. त्यांत ६०, म्हणजे शेकडा ३०. हेच प्रमाण साऱ्या कारखान्याचे धरता येते. आणि मुकादमाने एखाद्याला दरडावले, तर तो खुशाल म्हणेल, "साहेब, माझा छापा पडला होता!"

अर्थात हे फुकट मिळत नाही. आकडा थोडा ढिला होतो. वीस माणसांच्या खात्यात त्यावर भरवसा ठेवता येत नाही; माणसे पुष्कळ लागतात. किती लागतात, चूक किती संभवते, याचा हिशेब हे संख्याशास्त्रज्ञांचे काम. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील अरिजित चौधुरी यांनी राहुल मुखर्जी यांच्यासह १९८८ साली या विषयावर ग्रंथच लिहिला. २०२० च्या अमेरिकन जनगणनेत तर माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून प्रसिद्ध करावयाच्या आकड्यांतच मोजूनमापून फरक मिसळण्यात आला.

तेव्हा श्रोतेहो, दारात कोणी पाहणीचा कागद घेऊन आला, तर 'नाव लिहिणार का?' एवढेच विचारून थांबू नका. 'नाव नसतानाही मी ओळखू येईन का?' असे विचारा. आमची युनियन कागद घेऊन आली, तर आम्हांलाही विचारा.