वसंत की शरद?

चैत्र-वैशाख म्हणजे वसंत आणि आश्विन-कार्तिक म्हणजे शरद, हे आपल्याकडे लहान मुलेही जाणतात. परदेशगमनाचा बेत करणाऱ्यापुढे पुष्कळदा या दोन ऋतूंपैकी कोणता निवडावा, असा प्रश्न उभा राहतो. जपानच्या बाबतीत तर तो अधिकच बिकट होतो; कारण तेथील हे दोन्ही ऋतू आपापल्या शोभेसाठी जगप्रसिद्ध आहेत.

जपान हा बेटांचा देश दक्षिणोत्तर लांबवर पसरलेला आहे. त्यामुळे तेथे कोणताही ऋतू सर्वत्र एकाच वेळी अवतरत नाही. मार्चच्या अखेरीस क्यूशू बेटावर आणि तोक्यो शहरात साकुरा, म्हणजे चेरीची फुले, उमलू लागतात. हा बहर उत्तरेकडे सरकत सरकत एप्रिलच्या अखेरीस होक्काइदो बेटावर पोहोचतो. शरदातील रंगांची वाट याच्या नेमकी उलट असते. सप्टेंबरात होक्काइदोच्या पर्वतांवर पाने रंगू लागतात आणि तो रंग दक्षिणेकडे उतरत नोव्हेंबरच्या उत्तरार्धात प्राचीन क्योतो नगरीत येतो.

वसंताची शोभा अल्पजीवी असते. एका ठिकाणचा बहर जेमतेम आठ-दहा दिवस टिकतो. जोराचा पाऊस वा वारा आला, तर त्याआधीच पाकळ्यांचा सडा पडतो. शिवाय त्याची तिथी ठरलेली नसते. चेरीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात आणि मग निद्रिस्त होतात. हिवाळ्यातील थंडी पुरेशी मिळाल्यावर त्यांची निद्रा भंगते आणि पुढील उबेने त्या उमलतात. ऊब लवकर आली की बहरही लवकर येतो. क्योतोतील बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या मिळतात. 2021 साली तेथे 26 मार्चलाच पूर्ण बहर आला. तोपर्यंतच्या बाराशे वर्षांच्या नोंदींत इतका लवकर आलेला बहर दुसरा आढळत नव्हता. महिनोन्‌महिने आधी तिकीट काढणाऱ्या प्रवाशाने ही अनिश्चितता ओळखलेली बरी.

शरद त्या मानाने सावकाश चालणारा. दिवस लहान होऊ लागले की पानांतील हरितद्रव्य नाहीसे होते. त्याखाली झाकलेला पिवळा रंग मग दिसू लागतो. मेपलसारख्या झाडांच्या पानांत तांबडा रंग नव्याने तयार होतो. स्वच्छ ऊन आणि गार रात्री लाभल्या, तर तो विशेष खुलतो. ही शोभा फुलांपेक्षा अधिक दिवस टिकते. परंतु शरदालाही उणिवा आहेत. सप्टेंबरात, कधी ऑक्टोबरातही, टायफून नावाची चक्रीवादळे येऊन आगगाड्या व विमाने बंद पाडतात. नोव्हेंबरच्या अखेरीस क्योतोत पावणेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. एप्रिलच्या आरंभी तो सव्वासहापर्यंत असतो. म्हणजे हिंडण्यास दीड तास कमी मिळतो.

आपल्या शाळांच्या सुट्यांचा मेळही पाहावा लागतो. परीक्षा आटोपून मेच्या आरंभी निघालेल्यास क्योतोत चेरीला फुले नव्हे, हिरवी पाने दिसतील. फुलांसाठी त्याने होक्काइदो गाठावे. मात्र 29 एप्रिल ते 5 मे या काळात जपानी लोकांनाही ओळीने सुट्या असतात. तेव्हा गर्दी फार आणि राहण्याचा खर्चही मोठा. दिवाळीच्या सुटीत क्योतोतील पाने बहुधा हिरवीच असतात. पण निक्कोसारख्या डोंगराळ भागात रंगांची उधळण चाललेली असते. दोन्ही ऋतूंत रात्री थंडी असते, म्हणून लोकरीचे कपडे जवळ हवेतच.

मग चांगला ऋतू कोणता? ज्याला फुलांचाच ध्यास आहे आणि दोन-चार दिवस पुढेमागे करण्याची सवड आहे, त्याने वसंतात जावे. ज्याचा दिवस आधीच ठरलेला आहे, त्याला शरद सहसा निराश करीत नाही. ऋतू कोणाच्या सोयीने बदलत नाहीत. त्यांची चाल ओळखून जो आपला बेत आखतो, त्याचाच प्रवास सुखाचा होतो.