शिक्षकाच्या प्रमाणपत्रात माणूस किती?

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन’ या प्रकरणात निकाल दिला आणि राज्यातील शिक्षकवर्गात एकच खळबळ उडाली. पहिली ते आठवीपर्यंत शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांहून अधिक शिल्लक आहे, त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा सोडावी, असा त्याचा आशय. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे त्यांना नोकरीत राहता येईल. मात्र परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय बढती मिळणार नाही. वीस-वीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेले गुरुजी आणि बाई पुन्हा सरावसंच घेऊन बसले. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातील पुस्तकांच्या दुकानांत या परीक्षेच्या मार्गदर्शकांना आता केवळ तरुणांचेच गिऱ्हाईक उरलेले नाही.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या निकालातील एक भाग विशेष महत्त्वाचा आहे. २७ जानेवारी २०१४ च्या अधिसूचनेने जैन समाज राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक ठरला. त्याच वर्षी ६ मे रोजी ‘प्रमती’ प्रकरणाचा निकाल लागला आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा शिक्षण हक्क कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या. २५ टक्के राखीव प्रवेशाचे बंधन त्यांच्यावर राहिले नाही. २०२५ च्या खंडपीठाने मात्र ‘प्रमती’च्या निष्कर्षाविषयी शंका व्यक्त केली आणि अल्पसंख्याक शाळांना ही पात्रता परीक्षा लागू होते किंवा नाही, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवावा म्हणून सरन्यायाधीशांसमोर ठेवला. त्यामुळे समाजाच्या अनेक विश्वस्त मंडळांत सध्या एकच चर्चा आहे: आपल्याला सूट मिळणार की नाही?

प्रश्न व्यवहाराचा आहे आणि तो विचारणे गैर नाही. परंतु सूट कशातून हवी आहे, हे एकदा ती प्रश्नपत्रिका उघडून पाहिले पाहिजे.

परीक्षा १५० गुणांची. उत्तीर्ण होण्यासाठी सर्वसाधारण उमेदवारास ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. प्राथमिक स्तराच्या पहिल्या पेपरात दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास आणि बालविकास व अध्यापनशास्त्र असे प्रत्येकी ३० गुणांचे पाच विभाग असतात. केंद्रीय पात्रता परीक्षेच्या आराखड्यात बालविकासाच्या या ३० गुणांची फोड दिलेली आहे. बालकाचा विकास १५, अध्ययन व अध्यापन १०, आणि समावेशित शिक्षण व विशेष गरजा असलेली मुले ५. वंचित घरातून आलेले मूल, दिव्यांग मूल, शिकण्यात अडखळणारे मूल आणि विलक्षण बुद्धीचे मूल, ही सर्व मंडळी या पाच गुणांत बसवलेली आहेत. जमाखर्चाची सवय असलेल्या वाचकाला हे प्रमाण सांगून कळावयास नको. पाचही प्रश्न चुकले तरी उमेदवार सुखाने उत्तीर्ण होऊ शकतो.

बी.एड.च्या अभ्यासक्रमात परिस्थिती याहून बरी आहे. निदान कागदावर तरी. आणि ती बरी होण्यामागे महाराष्ट्राचाच एक अप्रिय अध्याय आहे. राज्यात डी.एड. महाविद्यालये अक्षरशः पिकली होती. त्यांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. आयोगाने २०१२ मध्ये अहवाल दिला. २०१४ च्या अखेरीस राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने नवे नियम केले, बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात वीस आठवडे शाळेत घालवण्याची अट आली. ‘लिंगभाव, शाळा आणि समाज’, ‘समावेशक शाळेची निर्मिती’, ‘स्वतःची ओळख’ अशा विषयांना अभ्यासक्रमात स्थान मिळाले. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात शिक्षकाच्या परवान्यासाठी ‘मानवी संबंध’ या विषयाचे प्रशिक्षण आवश्यक मानले जाते. आपल्याकडे त्या नावाचा स्वतंत्र विषय नसला तरी हे तीन विषय एकत्र ठेवले तर त्याच जागी पोहोचतात.

अडचण पुढे आहे. ‘समावेशक शाळा’ हा विषय व्याख्यानाने शिकवला जातो, टिपणांतून पाठ होतो आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत उतरवला जातो. ती वही कित्येकदा मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेली असते. आंतरवासितेत छात्राध्यापकाचे पाठ मोजले जातात, शैक्षणिक साहित्य मोजले जाते. वर्गातील मागच्या बाकावरच्या मुलाशी तो किती वेळा बोलला, हे मोजण्याची रीत नाही.

आणि तो मागचा बाक या शहरात फार विविध आहे. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत कामाला आलेल्या बिहार-उत्तर प्रदेशच्या कुटुंबांची मुले तेथे असतात. घरी दखनी उर्दू बोलणारी, शाळेत मराठी वा इंग्रजी वाचणारी मुले असतात. कन्नड-सोयगावकडून आलेल्या बंजारा कुटुंबाच्या मुलाची पहिली भाषा गोरमाटी असते. बाईंचे पहिले वाक्य त्याला कळत नाही आणि तो ‘मंद’ ठरतो. आई-वडील ऊसतोडीला गेल्यामुळे दिवाळीनंतर आजीजवळ राहिलेली मुले असतात. कोणाच्या घरी पाणी आठवड्यातून एकदा येते, म्हणून गणवेश धुतलेला नसतो.

वेरूळचा दाखला आपण भाषणांत इतका वापरतो की त्याची धार बोथट झाली आहे. एकाच डोंगरात १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन लेणी. शाळेची सहल जाते, मुले आकडे पाठ करतात. सहलीच्या बसमध्ये कोण कोणाशेजारी बसले आणि कोणी कोणाशेजारी बसायचे नाकारले, हे पाहण्याचे भान फार थोड्या शिक्षकांना असते. ते भान हाच प्रशिक्षणाचा खरा विषय होय.

अपमान करण्याचा हेतू नसतानाही अपमान होतो, हे या विषयातील सर्वांत कठीण प्रकरण आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की ‘बी.सी.ची मुले उभी राहा’ असे भर वर्गात म्हटले जाते. २५ टक्के जागांवर प्रवेश मिळालेले मूल वर्षभर ‘आरटीईवाला’ म्हणून ओळखले जाते. म्हणणाऱ्या बाई दुष्ट नसतात. त्यांना यादी लवकर पूर्ण करायची असते. कायद्याच्या कलम १७ ने मुलास मारण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. पण घाईत केलेला हा उल्लेख मुलाच्या मनात काय करतो, ते कलम वाचून समजत नाही. ते कोणीतरी शिक्षकास त्या मुलाच्या जागी उभे करून दाखवावे लागते.

आपली मुलेही या अनुभवातून सुटलेली नाहीत. मराठवाड्यात सैतवाल आहेत, कासार आहेत, खंडेलवाल आहेत, ओसवाल आहेत. कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलली जाते. तरी वर्गात सर्वांना मिळून एकच नाव: मारवाडी. त्यामागोमाग कंजुषीचा विनोद येतो आणि शिक्षकही हसतात. सहलीत चौविहार पाळणारी मुलगी सायंकाळी जेवणाचा डबा उघडून बसली की ‘एक दिवस खाल्लेस तर काय होते’ असे म्हणणारे शिक्षक सर्वत्र भेटतात. पर्युषणात उपवास करणाऱ्या मुलाला मैदानावर धावायला लावणारेही. घरी येऊन मूल हे सांगते तेव्हा आई-वडिलांना संताप येतो, आणि तो रास्त असतो.

हाच संताप दुसऱ्या बाजूने पाहण्याची वेळ अलीकडेच येऊन गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला आणि जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे वा अन्य फळ देण्याची सोय ठेवली. समाजातून विरोध झाला. अहिंसेच्या भूमिकेतून तो होणे स्वाभाविकच होते. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यांसाठीचा निधी थांबवला. धोरणाच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे करावयाची नाही. पण त्या मधल्या काळात एका पंक्तीत अंडे आणि केळे शेजारी-शेजारी आले, तेव्हा पंक्ती वेगळ्या मांडायच्या की एकच ठेवायची, नाक मुरडणाऱ्या मुलाला काय सांगायचे आणि चिडवणाऱ्याला काय सांगायचे, हे सर्व शिक्षकानेच ठरवायचे होते. कोणत्याही अध्यापक महाविद्यालयाने त्याला त्या क्षणासाठी तयार केले नव्हते.

पंक्तीचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. शतकापूर्वी तो कोल्हापुरात उभा राहिला होता आणि ज्याच्यापुढे तो उभा राहिला तो मुलगा जैनच होता. भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहत. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने त्या काळी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघत होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाने वसतिगृह निघाले, तेव्हा भाऊराव त्या समारंभाला गेले. परतल्यावर त्यांना स्नान करूनच भोजनगृहात येण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि वसतिगृह सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली, असे त्यांच्या चरित्रांतून नमूद आहे.

हा प्रसंग आपल्या कार्यक्रमांत सहसा सांगितला जात नाही. ‘कर्मवीर आपले’ एवढेच अभिमानाने सांगितले जाते. वास्तविक पुढचे सर्व कार्य त्या नाकारलेल्या स्नानातूनच वाढले असे म्हणता येईल. १९१९ मध्ये कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, आपल्या हाताने स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास शाहू महाराजांचे नाव दिले गेले. मुलांच्या जेवणाची अडचण पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, शेवटी मंगळसूत्रही. ज्या घरात देवदर्शनाशिवाय अन्न न घेणारी सून होती, त्या घराने सर्वांच्या मुलांना आपल्या चुलीजवळ आणले, याचे मोल व्यापारी कुटुंबांतील स्त्रियांना अधिक उमगेल.

शिक्षक-प्रशिक्षणाच्या दृष्टीने यातील महत्त्वाचे वर्ष १९३५. त्या वर्षी साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. खेड्यांतील शाळांसाठी प्राथमिक शिक्षक तयार करणे हा त्याचा हेतू. १९४२ मध्ये स्त्री-शिक्षकांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी सहभोजनाचे वसतिगृह, नंतर शिक्षकांचे महाविद्यालय. ज्या विद्यार्थ्याने दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर भाकरी थापली, विहिरीवर पाणी ओढले, तोच पुढे शिक्षक म्हणून गावात जाऊ लागला. मानवी संबंधांचा तास त्याला वेगळा घ्यावा लागला नसेल.

मराठवाड्यात हे काम उशिरा सुरू झाले. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश त्या राजवटीत राहिला. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शहरात महाविद्यालय काढले आणि पुढे त्यास मिलिंद हे नाव दिले. नागसेनाला प्रश्न विचारून उत्तर पटल्यास मान्य करणाऱ्या राजाचे ते नाव. नागसेनवनातील वसतिगृहांतून खेड्यापाड्यांची मुले शिकली आणि त्यांतील कित्येक गावोगावी शिक्षक झाले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे. म्हणजे विद्यापीठाच्या आधी येथे हे वसतिगृहशिक्षण उभे राहिले होते.

आज वसतिगृह आणि अध्यापक महाविद्यालय यांचा तो सांधा तुटला आहे. छात्राध्यापक सकाळी दुचाकीवर येतो, दुपारी परततो. ज्या वस्तीतील मुलांना त्याला पुढे शिकवायचे आहे, त्या वस्तीत त्याचे पाऊल पडत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने शिक्षकांना दरवर्षी ५० तासांचे सेवांतर्गत प्रशिक्षण सुचवले आहे. २०१९ पासून ‘निष्ठा’ प्रशिक्षणही आले, त्यात समावेशन आणि लिंगभाव हे घटक आहेत. पुढे त्यातील बराच भाग ऑनलाइन झाला. चित्रफीत चालू ठेवून दुसरे काम उरकता येते, हे सर्वांना ठाऊक आहे.

या ठिकाणी विश्वस्त मंडळांचा संबंध येतो. शाळा चालवणारी आपली मंडळी इमारत, संगणक कक्ष, निकाल यांबाबत जागरूक असतात. शिक्षकाच्या मुलाखतीत पदवी, इंग्रजी आणि शिस्त यांची विचारपूस होते. बँकेत कर्ज देण्यापूर्वी तारणाबरोबर माणूसही पाहतात. शिक्षकाबाबत मात्र केवळ तारण पाहिले जाते. माणूस पाहण्याची पद्धत नाही. ‘तुमच्या वर्गात एका मुलाला त्याच्या आडनावावरून चिडवले गेले, तुम्ही त्या तासाला काय कराल?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी उमेदवाराविषयी प्रमाणपत्रापेक्षा अधिक कळते. शाळेतील शिपाई, बसचालक, ग्रंथपाल यांनाही त्या दिवशी बसवले तर अधिक उत्तम, कारण मुलांचे अपमान बहुधा बसमध्ये आणि पाण्याच्या टाकीजवळ होतात.

काही संस्थांनी आपल्या शिक्षकांसाठी पात्रता परीक्षेचे शनिवारचे वर्ग घेण्याचे ठरवले आहे. तेथे गणित आणि भाषेवर भर राहणार, कारण गुण तेथे आहेत. शेवटचा तास त्या पाच गुणांना देता येईल. आणि तो तास शाळेच्याच एखाद्या खऱ्या प्रसंगावर, नाव न घेता, चर्चेने घेता येईल. खर्च काहीच नाही. मोठ्या पीठाचा निर्णय कोणत्याही बाजूने लागला तरी त्या तासाला कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागणार नाही. येत्या जूनमध्ये नव्या शिक्षकांच्या मुलाखती होतील, तेव्हा आडनावाचा तो प्रश्न कोणत्या विश्वस्ताने विचारायचा, हे मात्र सभेत आधीच ठरलेले बरे.