भीमेच्या खोऱ्याची घडण

भीमाशंकराच्या अरण्यात भीमा जिथे उगम पावते, ते स्थळ अरबी समुद्रापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही दूर नाही. तथापि पायथ्याशी पसरलेल्या कोकणाकडे पाठ फिरवून ही नदी आग्नेयेस वळते, पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर या जिल्ह्यांतून व पुढे कर्नाटकातून ८६१ किलोमीटरांचा प्रवास करून रायचूरनजीक कृष्णेस मिळते, आणि अखेरीस तिचे पाणी बंगालच्या उपसागरास पोचते. ज्या भूभागावर पडलेला पाऊस उतारा-उताराने एकाच प्रवाहात जमा होतो, त्यास आपण त्या नदीचे खोरे म्हणतो. भीमेचे असे खोरे सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरांचे आहे, आणि त्याचे आजचे स्वरूप खडक, पाऊस आणि माणूस या तिघांनी मिळून ठरविले आहे.

पहिला वाटा खडकाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूकवचास पडलेल्या भेगांतून लाव्हारसाचे पूर वारंवार लोटले, एकावर एक थिजत गेले, आणि भाकरींच्या चळतीप्रमाणे रचलेल्या त्या थरांतून दख्खनचे पठार सिद्ध झाले. पुढे या पठाराची पश्चिमेकडील कड उचलली गेली व सारा प्रदेश पूर्वेकडे किंचित कलला. भीमा, इंद्रायणी, मुळा, मुठा, घोड, नीरा यांच्या मार्गांची दिशा त्या कलण्याने ठरवून टाकली. या थरांची प्रकृती मात्र एकसारखी नाही. काही थर घट्ट काळ्या पाषाणाचे असून त्यांत पाणी शिरते ते केवळ सांध्या-भेगांतून. तर वरच्या झिजलेल्या मुरमात थोडेफार पाणी साठते, आणि विहिरींस झरे लागतात ते बहुधा त्यातूनच. म्हणून उत्तरेतील गंगेच्या मैदानात जमिनीच्या पोटी जसे पाण्याचे अमाप भांडार असते, तसे या खोऱ्याच्या वाट्यास आलेले नाही. याच पाषाणाची युगानुयुगे झीज होऊन काळी माती निर्माण झाली. ती दोन नद्यांमधील माळांवर वीतभर, तर नदीकाठच्या सखल भागात कित्येक हात खोल आढळते.

दुसरा वाटा पावसाचा. नैर्ऋत्येकडून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या भिंतीवर चढताना थंडावतात आणि आपला बहुतेक भार माथ्यावरच्या अरुंद पट्ट्यात उतरवून मोकळे होतात. लोणावळ्याच्या बाजूस वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो. पुण्यास सुमारे सातशे, आणि दौंड-इंदापूरकडे पाचशेच्या आगेमागे. सोलापूरकडे तो पुन्हा थोडा वाढतो, आणि तेथील पिकांची भिस्त सप्टेंबरच्या परतीच्या पावसावर असते. या पावसाचे पाणी खोल काळ्या मातीत मुरते व तिच्याच ओलीवर हिवाळ्यात रब्बीची ज्वारी उभी राहते. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा लौकिक हा माती, ऋतू आणि शेतकऱ्याचा अनुभव यांच्या अशा जुळणीचे फळ आहे. सारांश, नदी भरते घाटमाथ्यावर आणि पाण्याची निकड भासते ती मैदानात. या खोऱ्याचा पुढचा सारा इतिहास या विसंगतीभोवती फिरतो.

तिसरा वाटा माणसाचा, आणि तो वाटतो तितका अर्वाचीन नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून जे उत्खनन केले, त्यात इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकरी वसाहत उजेडात आली. नदीचे पुराचे पाणी वळवून घेण्यासाठी खणलेला पाट आणि त्यालगतचा बांधही तेथे सापडला. उत्तरकाळात चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या व कालांतराने वस्ती उठली. वाढत्या शुष्कतेमुळे शेती बुडाली असावी, असे अनुमान त्यावरून मांडले गेले आहे.

इंग्रजी अंमलात पाणी वळविण्याच्या अशा प्रयत्नांस सरकारी बंदोबस्ताचे रूप आले. मुठेवरील खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले, आणि १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर, १८८५ च्या सुमारास, नीरेचा डावा कालवा वाहू लागला. अवर्षणात ज्वारी-बाजरी वाचावी हा कालव्याचा मूळ हेतू असला, तरी बारमाही पाणी हाताशी येताच जिरायत रानांची बागायत झाली व उसाने पाय रोवले. पाण्याचा निचरा मंद असलेल्या काळ्या मातीस हा अतिरेक सोसला नाही. जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या, आणि डॉ. हॅरॉल्ड मॅन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना १९१० मध्येच नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध करावा लागला.

याहूनही साहसाचे कृत्य घाटमाथ्यावर घडले. टाटा कंपनीने लोणावळा, आंध्र खोरे आणि मुळशी येथे तलाव बांधले, व पूर्वेकडे जाणारे पाणी बोगद्यांतून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडून खोपोली, भिवपुरी व भिरा येथे वीज निर्माण केली. मुळशीच्या बुडणाऱ्या गावांसाठी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, परंतु धरण झालेच. कोट्यवधी वर्षांपूर्वी पठाराच्या कलाने ठरविलेली जलविभाजक रेषा माणसाने अशा रीतीने ओलांडली. कोकणातील पाताळगंगा आणि कुंडलिका यांच्या पात्रांत उन्हाळ्यातही पाणी खेळू लागले, ते भीमेच्या खोऱ्यातील पाऊस घेऊन.

१९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने याच खोऱ्याच्या मध्यभागी ११७ अब्ज घनफुटांचा साठा उभा केला. वरच्या अंगाला पाऊस होतो म्हणून कोरड्या मुलखातील हा जलाशय भरतो. त्याच्या फुगवट्यावर भिगवणजवळ रोहित पक्षी उतरतात, आणि आषाढीच्या सुमारास त्यातून सोडलेल्या पाण्याने पंढरपूरची चंद्रभागा, म्हणजे भीमाच, वाहती होते. परंतु पुणे-पिंपरीचे सांडपाणीही त्याच वाटेने उजनीत येते, आणि कालव्यांच्या लाभक्षेत्रात ऊस एवढा फोफावला आहे की, उन्हाळ्यात सोलापूरच्या पिण्याच्या पाण्यासाठीही धरणाचे आवर्तन कधी सुटणार याची वाट पाहावी लागते.

एखादा तालुका अवर्षणग्रस्त ठरला की आपण पावसास दोष देऊन मोकळे होतो. पाऊस कमी पडणे हा हवामानाचा धर्म आहे व पाणी फार न धरणे हा या पाषाणाचा. ही दोन्ही कलमे आपल्या अखत्यारीतील नव्हेत. कोणत्या मातीत कोणते पीक घ्यावे, घाटमाथ्यावरचे पाणी किती पश्चिमेस द्यावे, वरच्या शहराने नदीत काय सोडावे आणि खालच्या गावाचा हक्क किती मानावा, हे मात्र सर्वस्वी आपण ठरवितो. परंतु आपला महसुली कारभार तालुका आणि जिल्हा यांच्या हद्दींनी चालतो, आणि पुण्यात घेतलेल्या निर्णयाची झळ सोलापुरास लागली तरी तिची नोंद कोणत्याच एका दप्तरात होत नाही. म्हणून पाण्याची जमा आणि खर्च यांचा ताळेबंद उगमापासून कृष्णेच्या संगमापर्यंत अखंड मांडला पाहिजे. तसा तो मांडल्याशिवाय कोणता दुष्काळ आकाशातून आला आणि कोणता आपण आणला, याचा निवाडा करणे शक्य होणार नाही.