धर्मयुद्धांतला शेजार

इ. स. १०९५ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील क्लेरमाँ येथे पोप दुसरे अर्बन यांनी पूर्वेकडील ख्रिस्ती बांधवांच्या साह्यार्थ शस्त्र उचलण्याचे आवाहन केले आणि जुलै १०९९ मध्ये युरोपीय फौजांनी जेरुसलेम जिंकले. तेथील मुस्लिम व ज्यू रहिवाशांची कत्तल झाली. ऱ्हाइनकाठच्या वर्म्स आणि माइन्झ येथील ज्यू वस्त्या तर त्याआधीच, १०९६ मध्ये, या उन्मादाला बळी पडल्या होत्या. १२९१ मध्ये अक्का हे बंदर पडेपर्यंत जवळजवळ दोनशे वर्षे ही धर्मयुद्धे चालली. मात्र दोन लढायांच्या मधल्या काळात ही माणसे एकमेकांच्या शेजारी राहत होती, याकडे सहसा लक्ष जात नाही.

या शेजाराचे सर्वांत जिवंत चित्र सीरियातील अमीर उसामा इब्न मुन्किझ (१०९५-११८८) याच्या आठवणींत सापडते. जेरुसलेमला गेला की तो अल अक्सा मशिदीपाशी नमाज पढत असे. हा परिसर तेव्हा ‘टेम्पलर’ या लढवय्या ख्रिस्ती संघाच्या ताब्यात होता आणि ते त्याचे स्नेही असल्याने जागा मोकळी करून देत. एकदा युरोपातून नुकत्याच आलेल्या एका शिपायाने त्याला धरून पूर्वेकडे वळवले आणि प्रार्थना अशी करावी, असे बजावले. टेम्पलरांनी त्याला बाहेर काढले आणि हा नवखा आहे, असे सांगून उसामाची क्षमा मागितली. जुना शत्रू आणि नवखा शत्रू यांतला हा फरक फार बोलका आहे. उसामा फ्रँकांच्या वैद्यकाची यथेच्छ टिंगल करतो. पायाला गळू झालेल्या एका सरदाराचा पायच त्यांच्या वैद्याने कुऱ्हाडीने तोडवला आणि रोगी दगावला, असा किस्सा तो देतो. पण त्यांचे गुणकारी ठरलेले उपचारही तो नोंदवतो, हे विशेष.

अरब लोक पश्चिम युरोपीयांना सरसकट ‘फ्रँक’ या नावावरून ‘इफ्रंज’ म्हणत. तोच शब्द फारसीतून आपल्याकडे आला. पोर्तुगीज ‘फिरंगी’ झाले आणि युरोपीय पात्याची तलवार ‘फिरंग’!

व्यापार तर युद्धालाही जुमानत नव्हता. ११८४ मध्ये स्पेनमधील मुस्लिम प्रवासी इब्न जुबैर याने पाहिले, की एकीकडे सलादिन करकच्या किल्ल्याला वेढा घालून बसला आहे आणि दुसरीकडे काफिले फ्रँकांच्या मुलखातून निर्वेध ये-जा करीत आहेत. तो स्वतः परतला तो अक्का बंदरातून, जिनोवाच्या जहाजाने, ख्रिस्ती यात्रेकरूंच्या सोबतीने.

अरबांची विद्या युरोपात नेली ती धर्मयोद्ध्यांनी, असा एक समज रूढ आहे. तो फारसा खरा नाही. अंतिओकमध्ये ११२७ च्या सुमारास एका अरबी वैद्यकग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले खरे. पण असे अपवाद थोडे. ज्ञानाचा मुख्य प्रवाह स्पेन आणि सिसिली येथून वाहिला. ख्रिस्ती राजाने १०८५ मध्ये जिंकलेल्या टोलेडोत क्रेमोनाच्या जेरार्डने टॉलेमीचा ‘अल्माजेस्त’ आणि इब्न सिनाचा वैद्यकग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये आणला. जेरुसलेमच्या राज्यात ग्रंथांपेक्षा तटबंदीची निकड अधिक होती.

खुद्द युरोपातही राज्यकारभार बदलला. ११८७ मध्ये सलादिनने जेरुसलेम परत घेतल्यावर पुढल्याच वर्षी इंग्लंड व फ्रान्समध्ये मोहिमेसाठी ‘सलादिन कर’ बसला. जो मोहिमेवर जाणार नाही, त्याने उत्पन्नाचा आणि जंगम मालमत्तेचा दहावा हिस्सा द्यायचा. लोकांनी त्याविरुद्ध ओरड केली, पण राजांना उत्पन्नावर कर लावण्याची वाट सापडली.

सर्वांत दूरवर गेली ती मात्र साखर. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर पहिल्या मोहिमेतील भुकेल्या सैनिकांनी ऊस चघळला. पुढे टायर बंदराच्या परिसरात फ्रँकांनीच साखरेचे उत्पादन चालवले. संस्कृत ‘शर्करा’ फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’ होत युरोपच्या भाषांत शिरली. अक्का गमावल्यावर हा धंदा सायप्रसमध्ये फोफावला. पंधराव्या शतकात अटलांटिकमधील मदिरा बेटावर पोर्तुगीजांनी उसाचे मळे उभारले आणि त्यांत गुलाम राबवले. सोळाव्या शतकात हीच पद्धत त्यांनी ब्राझीलला नेली.