पहिलं एअर पिस्तूल निवडताना

2023च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतली नेमबाजी गोव्यात, पेडण्यातल्या मांद्रे गावी झाली. पुढच्याच वर्षी मनू भाकरने पॅरिसमध्ये 10 मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक जिंकलं. पेडण्या-डिचोलीतल्या एखाद्या मुलीने आता पिस्तूल मागितलं, तर पालकांनी किमतीआधी तिचा हात पाहावा.

हे पिस्तूल एकाच हाताने, आधाराविना धरायचं असतं. नियमाने ते 4.5 मिलिमीटरचं आणि जास्तीत जास्त 1500 ग्रॅमचं; पण कोवळ्या मनगटाला एक किलोही पुष्कळ होतो, त्यातून तोंडाकडे जड असेल तर नेम खाली ओढला जातो. म्हणून हलकं, आखूड नळीचं घ्यावं. मूठ तळव्यात घट्ट बसायला हवी. डावखुऱ्यांसाठी वेगळी मूठ मिळते.

स्प्रिंगच्या पिस्तुलाला धक्का जाणवतो. लिव्हरच्या पिस्तुलात दर छर्‍याला हवा दाबावी लागते. स्पर्धेतल्या 60 नेमांपर्यंत लहान हात थकतो. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरचं पिस्तूल त्यामुळे माझ्या मते सर्वांत बरं, जरी महाग. जुनं घेताना सिलिंडरवरची तारीख वाचा: दहा वर्षं उलटलेलं सिलिंडर वापरायचं नाही. विकत घेईपर्यंत क्लबचंच पिस्तूल वापरून पाहावं. छर्रे शिशाचे असतात, सरावानंतर हात साबणाने धुवायला लावा.