खाडीकाठचे तिवर आणि वरळीचे बेडूक

भाईंदरच्या खाडीत ओहोटी लागली, की तिवरांभोवती चिखलातून बोटांसारखी वर आलेली मुळे दिसू लागतात. चिखलात प्राणवायू फार थोडा असतो. म्हणून ही मुळे वर येऊन श्वास घेतात. अंगात शिरलेले मीठ तिवराची पाने बाहेर टाकतात.

ही सोय एका दिवसात झालेली नाही. एकाच झाडाच्या संततीतही थोडाथोडा फरक असतो. खाऱ्या चिखलात ज्यांना तो उपयोगी पडला, ती रोपे अधिक तगली व त्यांचे गुण पुढील पिढ्यांत उतरले. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली आपल्या ग्रंथात यालाच ‘नैसर्गिक निवड’ म्हटले. असे बदल साठत जाऊन दीर्घ काळाने नव्या जाती निर्माण होतात. हीच उत्क्रांती होय.

तिची साक्ष खडक देतात. भाईंदरच्या दक्षिणेस, मुंबईतील वरळीच्या टेकडीत, लाव्हारसाच्या थरांमधील गाळाच्या खडकात इवल्या बेडकांचे सांगाडे सापडले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन केले. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची ती जात आज कोठेही जिवंत नाही. नष्ट झालेली जात पुन्हा उपजत नाही. म्हणूनच खाडीकाठचे जिवंत तिवर जपले पाहिजेत.